शासकीय प्रशिक्षणाचे मूल्यमापन : मोजायचे ते काय?

शासकीय सेवकांना प्रशिक्षण द्यावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. प्रत्येक खात्याने वेतनखर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, असे २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने सुचविले. २०२० साली मान्य झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’साठी, सुमारे ४६ लाख केंद्रीय सेवक दृष्टीपुढे ठेवून, पाच वर्षांकरिता ५१०.८६ कोटी रुपयांची तरतूद झाली. या खर्चातून निष्पन्न काय झाले, हा प्रश्न केवळ हिशेबनिसाचा नाही. दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या नागरिकाचाही तो आहे.

या प्रश्नाचा विचार करताना बहुधा आधार घेतला जातो तो डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चतुर्विध कसोटीचा. प्रशिक्षणार्थीची प्रतिक्रिया, त्याने संपादन केलेले ज्ञान, कामावर परतल्यानंतरचे वर्तन आणि संस्थेच्या कार्यावर झालेला परिणाम, या तिच्या चार पायऱ्या. वर्गीकरण म्हणून ही मांडणी सुटसुटीत आहे. परंतु पायऱ्या म्हटल्या की पहिली चढणारा पुढच्या पायरीवर पोचणारच, असा समज नकळत रुजतो. अ‍ॅलिगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा वर्ग आवडणे आणि ज्ञान मिळणे यांत जवळजवळ संबंध आढळला नाही. शिकलेले उपयुक्त वाटणे याचा संबंध अधिक होता, पण तोही माफकच. तेव्हा केवळ अभिप्रायपत्रिकांवरून वर्ग यशस्वी ठरविणे म्हणजे यजमानाने पंगत उठतानाच जेवण कसे झाले हे पाहुण्यांना विचारण्यासारखे आहे.

तिसऱ्या पायरीवरील अडचण अधिक खोल आहे. शिकलेले कामात उतरणे हे शिकणाऱ्याचे गुण, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या जागेची परिस्थिती या तिन्हींवर अवलंबून असते, असे बाल्डविन व फोर्ड यांनी १९८८ साली दाखवून दिले. शासकीय कचेरीत यांपैकी तिसरा घटक बहुधा निर्णायक ठरतो. नवी पद्धत शिकून आलेल्या लिपिकाला वरिष्ठ जुनीच पद्धत चालविण्यास सांगतात, किंवा त्याची बदलीच होते. महाराष्ट्राच्या बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमात कर्मचाऱ्याच्या पदावधीचे नियमन आहे आणि कामातील विलंबाला प्रतिबंधही आहे. विधिमंडळाने एकत्र आणलेल्या या दोन गोष्टी मूल्यमापनकाराने वेगळ्या करणे युक्त नव्हे.

राहिली चौथी पायरी. शासनाला नफातोटा नसल्यामुळे परिणाम मोजता येत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा ठरवून दिलेल्या आहेत आणि अपिलाची तरतूदही आहे. अर्ज किती दिवसांत निकाली निघाला, ही मोजपट्टी त्यामुळे हाती आहे. मात्र विलंब घटला तो प्रशिक्षणाने, रिक्त पदे भरल्याने की संगणकप्रणाली बदलल्याने, हे नुसत्या आधीच्या व नंतरच्या आकड्यांवरून कळत नाही. यावर उपाय आहे. सर्व तालुक्यांचे सेवक एकाच वेळी प्रशिक्षणास पाठविता येत नाहीतच. मग त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि प्रशिक्षित तालुक्यांची तुलना अद्याप वाट पाहणाऱ्या तालुक्यांशी करावी. शिवाय अर्ज फेटाळूनही कालमर्यादा पाळता येते. म्हणून फेटाळलेल्या अर्जांची आणि अपिलात फिरलेल्या निर्णयांची नोंदही सोबत घ्यावी.

सारांश, मूल्यमापनाचा घटक एकटा प्रशिक्षणार्थी नसून तो ज्या कचेरीत परततो ती कचेरी हा असावा. अन्यथा प्रशिक्षणाचे अपयश सेवकाच्या माथी आणि कचेरीचे अपयश प्रशिक्षणाच्या माथी मारले जाईल, आणि नागरिकाचा हेलपाटा मात्र चुकणार नाही.