बारा जोड्यांची बंदिश

भाईंदर पश्चिमेला, टेंभ्याच्या सरकारी रुग्णालयाला भारतरत्न पंडित भीमसेन जोशींचं नाव आहे. वैद्याऐवजी गवयाचं नाव, हा योग मला फार आवडतो. ज्याच्या दमसासाची गोष्ट अजून निघते, त्याच्या नावाच्या इमारतीत माणसं आपला खोकला आणि धाप घेऊन येतात. किराणा घराण्याच्या या गवयाच्या लांब तानेमागे गळा होता तितकाच छातीचा पिंजराही होता. दाद मात्र गळा एकटाच घेऊन जातो.

पाठीच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात. त्याखाली त्रिकास्थीचे ५ एकजीव झालेले आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. यातल्या फक्त मधल्या १२ मणक्यांच्या वाट्याला बरगड्या येतात. बरगडी मागे मणक्यापासून निघते, कुशीतून वळते आणि पुढे येताना खाली उतरते. सगळी कारागिरी या उतारात आहे. पुढचं टोक मागच्यापेक्षा खाली असल्यामुळे स्नायूंनी बरगडी वर ओढली की छातीत आपोआप जागा होते. वरच्या बरगड्या उचलल्या की उरोस्थी पुढे येते. खालच्या उचलल्या की छाती दोन्ही कुशींना फाकते, बादलीची आडवी पडलेली कडी उचलावी तशी. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्याच असतात, त्या उचलून फारसं काही साधत नाही. म्हणून झोपलेल्या बाळाचं पोट हलताना दिसतं, छाती नाही.

आजचं शरीरशास्त्र बरगड्या २४ मोजतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात हाच हिशोब ७२ वर जातो: २४ बरगड्या, त्या जिथे टेकतात त्या २४ खोबणी आणि तिथे बसणारे २४ उंचवटे. सुश्रुत एका कुशीला ३६ सांगतो, म्हणजे बेरीज तीच. शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग कुंच्याने थर झाडत आतलं पाहायला सांगणाऱ्या परंपरेतली ही मोजणी आहे. ती जुनी चूक म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला मात्र ती रसिकाची मोजणी वाटते, कारण तिने हाडाइतकाच मान सांध्याला दिला. बरगडी मणक्याला दोन ठिकाणी भिडते. बहुतेक बरगड्यांचं डोकं शेजारच्या दोन मणक्यांच्या सांध्यात बसतं आणि जरा पुढचा उंचवटा मणक्याच्या आडव्या फाट्यावर टेकतो. दोन टेकू मिळाल्यामुळे तिला मोकाट हलता येत नाही, ठरल्या रेषेभोवतीच फिरावं लागतं. अकरावी आणि बारावी जोडी याला अपवाद: मागे एकच टेकू, पुढे कशालाच बांधलेली नाही. तिथे चरकाचा हिशोब जरा सढळ झाला म्हणायचा.

एरवी श्वास सोडायला काहीच करावं लागत नाही. ताणलेली फुप्फुसं स्वतःच आकसतात. गवयाला नेमकं तेच नको असतं. छाती भरल्यावर बरगड्या धपकन खाली आल्या तर तान दोन आवर्तनांतच संपेल. म्हणून उचलणारे स्नायू तो ताणून धरतो आणि जरा जरा करत सोडतो. हवा सरत आली की मग पोटाचे स्नायू दाबायला पुढे होतात. समेवर येईपर्यंत ही धरसोड ऐकणाऱ्याला कळू न देणं, यालाच मी रियाज म्हणेन.

भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल पकडणाऱ्याला हीच गोष्ट उलट बाजूने कळते. डब्यात छाती उचलायला जागा नसते, सगळा भार श्वासपटलावर येतो आणि वसईची खाडी मागे टाकून आलेल्या गाडीत आपण पोटाने श्वास घेत उभे राहतो. चेंगराचेंगरीत माणसं दगावतात तीही बहुधा हाडं मोडून नव्हे, छाती हलू न शकल्याने.

छातीचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणतो, तेव्हा तो या बारा जोड्यांनाच हुकूम देत असतो. श्वास नीट भरला असेल तर फिल्मवर श्वासपटलाच्या वर मागच्या बाजूच्या ९-१० बरगड्या दिसतात. फिल्म हातात पडली की अहवाल वाचण्याआधी एकदा त्या मोजून पाहा.