सर्वानुमते : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचताना

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने प्रथम रंगभूमीवर आणले, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. या नाटकाविषयी जे लेखन झाले आहे त्यातील बरेचसे लीला बेणारे या एका व्यक्तिरेखेभोवती फिरते. ते स्वाभाविकच आहे. सुलभा देशपांडे यांनी जिला रंगमंचावर उभे केले ती बेणारे मराठी प्रेक्षकांच्या स्मरणातून सहजी जाणारी नव्हे. परंतु कोरमंगलाच्या सरकारी कचेरीत दिवसभर टिप्पण्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला बेणारेपेक्षा तिच्याभोवतीची मंडळीच अधिक ओळखीची वाटतात. आणि हे नाटक मुख्यतः त्या मंडळींचेच आहे, असे मला गेल्या पावसाळ्यात प्रथम जाणवले. येथील आमच्या काही स्नेह्यांनी एका रविवारी घरगुती नाट्यवाचन योजिले होते. त्यात माझ्या वाट्याला पोंक्षे आला.

पोंक्षे हा इंटर सायन्स नापास झालेला, सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात कारकुनी करणारा आणि शास्त्रज्ञाच्या थाटात वावरणारा गृहस्थ. वकिली न चाललेला वकील सुखात्मे, प्रयोगशील नट म्हणविणारा कर्णिक, काशीकर दांपत्याच्या अन्नावर वाढलेला बाळू रोकडे आणि या सर्वांवर छत्र धरणारे समाजकार्यकर्ते काशीकर अशी ही मंडळी. यांतला एकही खलपुरुष नाही. शनिवार-रविवारी पदरमोड करून, गावोगाव हिंडून अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करणारी ही माणसे आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षांवर अण्वस्त्रांबद्दल खटला भरण्याचा त्यांचा त्या रात्रीचा बेत आहे. आपल्यापैकी ज्यांनी परप्रांतात एखादा गणेशोत्सव पार पाडला असेल त्यांना ही मंडळी परकी वाटू नयेत.

मग ही साधी माणसे दोन-तीन तासांत एका सहकारी बाईला अन्नास मोताद करण्यापर्यंत कशी येतात? तेंडुलकरांचे खरे कौशल्य मला या उत्तराच्या मांडणीत दिसते. वेळ जात नाही म्हणून, आणि सामंत नावाच्या गावकऱ्याला न्यायालय कसे चालते ते कळावे म्हणून, लुटुपुटीचा खटला उभा राहतो. आरोपी कोण, हे बेणारे तोंड धुवायला आत गेली असता ठरते. ही गोष्ट वाचताना सहज निसटते, म्हणून मुद्दाम नोंदवितो. सभेचा निर्णय सभेपूर्वी, संबंधित व्यक्ती खोलीबाहेर असताना होतो, हे ज्याने चार समित्यांवर काम केले आहे त्याला सांगावयास नको. त्यानंतर सारे काम कार्यपद्धतीच करते. शपथ आहे, साक्षीदार आहे, ‘शांतता’ म्हणून ठोकावयाचा हातोडा आहे. जे पोंक्षे चहाच्या टेबलावर बोलला नसता ते तो साक्षीदार म्हणून बोलतो. पद्धतीने त्याला परवानगी दिली एवढेच नव्हे, तर बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरविले.

आणि ती पद्धतीही किती पोकळ आहे पाहा. फिर्यादीचा वकील सुखात्मे, बचावाचाही वकील सुखात्मेच. न्यायासनावर बसलेले काशीकर मध्येच स्वतःची साक्ष देतात. सामंत बिचारा वाचीत असलेल्या कादंबरीतील प्रसंग साक्ष म्हणून सांगतो, आणि ती कल्पित साक्षही पुराव्याच्या साखळीत चपखल बसते. कोणालाही यात वावगे वाटत नाही. प्रत्येकजण आपापली भूमिका चोख बजावीत आहे, आणि ज्याची त्याची भूमिका चोख असली की एकंदर कामाचे उत्तरदायित्व कोणाकडेच उरत नाही.

पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. तेथेही सभा आहेत, ठराव आहेत, गच्चीसाठी आंदोलन आहे, भ्रमणमंडळ आहे. आपण त्या चाळीला हसतो ते तिच्या हातून काही धड होत नाही म्हणून. पण तिचे हेच निष्फळपण तिचे पुण्य आहे, असे मला आता वाटते. चाळीत एकाचे दुसऱ्याशी पटत नाही. प्रत्येक ठरावाला फाटा फोडणारा कोणीतरी जिन्यात उभा असतोच. काशीकरांच्या मंडळीत मात्र सर्वांचे एकाएकी पटू लागते, आणि तेथूनच भीती सुरू होते.

परप्रांतात आपली मंडळे लहान असतात. पुण्यामुंबईच्या माणसाचे एका मंडळाशी बिनसले तर गल्लीच्या टोकाला दुसरे असते. येथे बदलीवर आलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा मराठी कानी पडण्याची ती एकच जागा असते. बेणारे बाहेर पडू पाहते तेव्हा दाराची कडी बाहेरून लागलेली असते, ही रंगसूचना बंगळुरात वाचताना वेगळीच वाटते.

येथे एक वैयक्तिक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या मंडळाचा चिटणीस होतो. उत्सवाच्या हिशेबात काही पावत्या सापडेनात. कोषाध्यक्ष असलेल्या बाई त्या सभेला येऊ शकल्या नव्हत्या. आरंभी कोणी त्यांच्यावर आरोप केला नाही. एकाने त्यांच्या विसराळूपणाची एक गंमत सांगितली, दुसऱ्याने दुसरी. तासाभराने त्या गमतींचा एक पुरावा झाला होता. अध्यक्षांनी ‘कोणाची हरकत नाही ना?’ असे विचारले. मान कोणीच हलविली नाही, ना होकारार्थी ना नकारार्थी. इतिवृत्तात ‘बाईंना सर्वानुमते पदमुक्त करण्यात आले’ हे वाक्य मी लिहिले. मला शंका होती. पण लेखणी माझ्या हाती होती ती चिटणीस म्हणून, आणि चिटणिसाने मत द्यावयाचे नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे मांडववाल्याच्या बिलांच्या गठ्ठ्यात सर्व पावत्या मिळाल्या. तोवर बाईंनी मंडळात येणे सोडले होते.

रेजिनाल्ड रोझ या अमेरिकन लेखकाने १९५४ साली दूरचित्रवाणीसाठी बारा ज्यूरींचे एक नाट्य लिहिले. १९५७ साली त्याचा चित्रपट झाला आणि १९८६ साली बासू चटर्जींनी तो ‘एक रुका हुआ फैसला’ म्हणून हिंदीत आणला. त्यातील एकटा ज्यूरर अकरांना वळवितो, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे लक्ष मात्र एका बारीक गोष्टीकडे जाते. तेथे मते मोजली जातात, आणि एकदा तर गुप्त मतदान होते. त्या चिठ्ठीमुळेच एक वृद्ध ज्यूरर त्याच्या बाजूस येऊ शकतो. तेंडुलकरांच्या न्यायालयात मोजणी नाहीच. १९५१च्या सुमारास सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने रेघांची लांबी ओळखण्याचे जे सुप्रसिद्ध प्रयोग केले त्यांतही हेच दिसले. सगळ्यांनी मिळून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस डोळ्यांदेखतचे सत्य सोडून त्यांच्या सुरात सूर मिळवी, पण खरे बोलणारा एक जरी सोबती लाभला तरी हे प्रमाण पुष्कळच खाली येई. बेणारेला तो एक सोबती मिळत नाही. सामंत होऊ शकला असता, पण तो पाहुणा. नियम आपल्याला ठाऊक नाहीत असे मानणारा माणूस नियम मोडणाऱ्यांना कसा अडविणार?

नाटकात मला एक उणीव वाटते. तेंडुलकरांनी या मंडळीतील जवळजवळ प्रत्येकाला आयुष्यात हरलेला दाखविले आहे. त्यामुळे क्रौर्याचा उगम वैफल्यात आहे, असा सोयीचा निष्कर्ष प्रेक्षक काढतो आणि समाधानाने घरी जातो. आमच्या त्या सभेत कोणी वैफल्यग्रस्त नव्हते. दोघे तर राजपत्रित अधिकारी होते. बेणारेच्या दीर्घ स्वगताबद्दलही थोडे. ते प्रभावी आहे याविषयी दुमत नाही. पण त्या स्वगताच्या वेळी बाकीची पात्रे निश्चल उभी असतात आणि त्यांच्या कानी एक शब्दही पडत नाही, हे त्या स्वगताहून अधिक बोलके आहे. काशीकर निकाल देतात तो उदरातील जीव नष्ट करण्याचा, म्हणजे ज्या प्रकारच्या अपराधासाठी खटला मांडला होता त्याच कृत्याचा. आणि तरीही इतिवृत्त लिहावयाचे असते तर तेथेही ‘सर्वानुमते’ हाच शब्द आला असता. मग गावकरी येतात, मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात.

आमचे वाचन संपले तेव्हा बाहेर पाऊस होता. यजमानीणबाईंनी कॉफी आणली. चर्चा अर्थात बेणारेविषयीच झाली. पोंक्षे मी बरा वाचला असे दोघांनी सांगितले.

ते जुने इतिवृत्ताचे पुस्तक अद्याप मंडळाच्या कपाटात आहे. त्या वाक्यात दुरुस्ती व्हावी असा ठराव मी पुढील सभेपुढे लेखी पाठविला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.