केळकर संग्रहालय: एका माणसाच्या आवडीचं सॅम्पल

पेटच्या तयारीने डोकं जड झालंय आणि पुण्यात शनिवार-रविवार मोकळा मिळतोय? मग शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. विश्रांती होईल, आणि मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण पाठ करतो ते सॅम्पलिंग तिथं कपाटाच्या काचेआड दिसेल.

दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. जमल्या सुमारे 20,000 वस्तू, मांडलेल्या असतात 2,500 च्या आसपास. म्हणजे आठात एक.

आता, दिवे, वज्री, दौती, दरवाजे यांना कला म्हणायचं का? माझं उत्तर हो, आणि पुरावा अडकित्त्यांचा. अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ. एका टोकाला बिजागरी, तिच्याजवळ सुपारी, लांब दांड्यांवर हाताचा जोर. ही रचना बिघडली तर सुपारी फुटणार नाही. कारागिराला सजावटीसाठी उरतो तो पात्याची पाठ आणि दांड्यांची टोकं एवढाच भाग, आणि तेवढ्यात तो पक्षी, घोडे बसवतो. काम अडू न देता केलेली ही नक्षी मला मोठमोठ्या तैलचित्रांपेक्षा जास्त धीट वाटते. (गाईडला हे सांगू नका, फिजिक्सवाले सगळीकडे तरफच बघतात म्हणतील.)

मस्तानी महाल मात्र मला तेवढा पटला नाही. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून तो इथं पुन्हा उभा केलाय. वस्तू आपल्या जागेवरून उठली की कुठली खिडकी कुठं उघडायची, उजेड कुठून यायचा ही माहितीही उठते. अडकित्ता कुठंही ठेवा, तो काय करतो ते कळतं. महालाचं तसं नाही.

खरी अडचण याच्या पुढे आहे. समजा, हे दालन बघून तुम्ही सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत की जुन्या मराठी घरात रोजच्या वापराच्या वस्तू नक्षीदार असत. व्हायवात पहिलाच प्रश्न येईल: कुणाच्या घरात? इथं तीन चाळण्या लागल्यात. आधी जे टिकलं तेवढंच उरलं; पितळ टिकतं, माती फुटते. मग त्यातलं केळकरांच्या नजरेत भरलं ते आलं. मग त्यातलं आठातलं एक मांडलं गेलं. युद्धातल्या विमानांच्या गोळ्यांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, तोच हा मामला. आमच्या आष्टी-परतूरकडच्या घरांतली पितळी भांडी तर स्टीलच्या बदल्यात मोडीत गेली. ती कुठल्याच चाळणीपर्यंत पोचली नाहीत.

यात केळकरांचा दोष काढायचं कारण नाही. लोक अडगळ म्हणून टाकत होते ते त्यांनी उचललं, नाहीतर आज बोलायलाही काही नसतं. त्यांनी सॅम्पल काढतो असा दावाही केला नव्हता. दावा आपण करतो, प्रबंधात.

गेलात की अडकित्त्यांच्या कपाटासमोर पंधरा मिनिटं थांबा. वहीत दोन रकाने पाडा: काय आहे, काय नाही. सगळ्यात आधी बिननक्षीचा, साधा लोखंडी अडकित्ता सापडतो का ते बघा.