पदव्युत्तर संशोधनाचे मूल्यमापन : गुणपत्रकातून काय निसटते?

पुण्याहून नगर रस्त्याने जाताना लागणारे वाघोली हे इतिहासात पिलाजी जाधवरावांचे गाव म्हणून परिचित आहे. 2021 साली ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तथापि तत्पूर्वीच अभियांत्रिकी, व्यवस्थापन व अन्य शाखांच्या महाविद्यालयांनी त्याचे स्वरूप पालटून टाकले होते. मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून याच रस्त्याने शिक्षणासाठी येणाऱ्या तरुणांत घराण्यातील पहिला पदवीधर असणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. सत्रअखेरीस हे विद्यार्थी हातात प्रकल्प-अहवाल घेऊन परीक्षकांपुढे उभे राहतात. दहा-पंधरा मिनिटांत त्यांच्या वर्षभराच्या श्रमांचा निकाल लागतो. हा निकाल नेमका कशाचा लागतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून महाराष्ट्रात 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना अमलात आली. दोन वर्षांच्या 88 श्रेयांकांपैकी संशोधनपद्धतीस 4, तिसऱ्या सत्रातील संशोधन-प्रकल्पास 4 व चौथ्या सत्रातील प्रकल्पास 6, असे 14 श्रेयांक संशोधनाकडे आले. म्हणजे पदवीचा सुमारे सहावा हिस्सा आता विद्यार्थ्याच्या स्वतंत्र अन्वेषणावर अवलंबून आहे. तत्त्वतः हे स्वागतार्हच होय. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या परीक्षापद्धतीत एवढी जागा संशोधनास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र जागा दिल्याने परीक्षण आपोआप घडत नाही.

आमच्या पाहण्यात आलेल्या एका महाविद्यालयाच्या गुणपत्रकाचे रकाने असे होते : विषयाची निवड, अहवालाची मांडणी, सादरीकरण, भाषा व आत्मविश्वास, प्रश्नोत्तरे. विद्यार्थ्याने मूळ साधने पाहिली काय, पूर्वसूरींच्या मताशी त्याचे कोठे जुळते व कोठे फाटते, त्याच्या पुराव्यातून त्याचा निष्कर्ष खरोखर निघतो काय, यांपैकी एकासही स्वतंत्र रकाना नव्हता. ‘भाषा व आत्मविश्वास’ यास मात्र होता. या रकान्यात व्यवहारतः गुण मिळतात ते सफाईदार इंग्रजीस आणि पडद्यावरील रंगीत चित्रांस. वाडी-वस्तीवरून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलगी आपल्या गावच्या पाणीवाटपाचा स्वतः हिंडून अभ्यास करते आणि अडखळत बोलते. शहरातील मुलगा तयार मजकूर ओघवत्या वाणीने वाचून दाखवतो. गुणपत्रक दुसऱ्यास वर ठेवते. अशा गुणपत्रकाने ज्ञान मोजले, की घरातून लाभलेली भाषा मोजली, याचा विचार विभागप्रमुखांनी करावा.

सादरीकरण हे कौशल्य गौण आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. याबाबतीत आपल्यापुढे एक ठळक उदाहरण आहे. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. पुढे 1917 साली तो ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. हा निबंध आज आपण गौरवाने स्मरतो. तो वर्गातील सादरीकरण म्हणून वाचणारे मात्र थोडे. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर या चौघांच्या व्याख्या क्रमाने तपासल्या आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जातिविषयक ग्रंथ 1909 सालचा, म्हणजे त्या वेळी ताजाच होता. केतकरांनी जात ही एकूण जातिव्यवस्थेच्या संदर्भात पाहिली, याचे श्रेय आंबेडकर त्यांस मोकळेपणाने देतात, आणि लगेच दाखवतात की, केतकरांनी दोन म्हणून सांगितलेली लक्षणे, आंतरविवाहास बंदी आणि जन्माने सदस्यत्व, ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. अखेरीस आपला सिद्धान्त असमर्थनीय ठरल्यास तो सोडून देण्याची तयारीही ते व्यक्त करतात. पूर्वसूरींचे ऋण, त्यांच्याशी मतभेद, स्वतःची व्याख्या आणि स्वमताविषयीची अलिप्तता ही सर्व अंगे एका विद्यार्थ्याच्या निबंधात एकवटली आहेत. वर उल्लेखिलेल्या गुणपत्रकात या निबंधास किती गुण पडले असते, हे सांगणे कठीण आहे. कारण यांपैकी एकही अंग मोजण्याची त्यात सोय नाही.

परीक्षकाच्या बाजूनेही तेथून शिकण्यासारखे आहे. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथास लंडनच्या प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. तीत ते लेखकाशी आपले मतभेद लपवत नाहीत. किंबहुना प्रमुख प्रतिपादनच त्यांस मान्य नाही. तरीही लेखकाच्या विवेचनातील ताजेपणाचा गौरव ते करतात. आपल्याकडील मौखिक परीक्षेत परीक्षकास न पटणारे मत मांडण्याचे धाडस किती विद्यार्थी करतात, आणि केल्यास त्याचे काय होते, हे प्राध्यापकवर्गास ठाऊक आहे.

पदव्युत्तर पातळीवरून वर पाहिले, तर चित्र फार वेगळे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत निबंधवाचन करणे अनिवार्य केले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदांचे आणि नियतकालिकांचे पीक आले. नियतकालिकांची छाननी करण्यासाठी आयोगाने तयार केलेल्या ‘केअर’ सूचीचे काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच चालत असे. ती सूचीही 2025 मध्ये आयोगाने बंद केली. तत्पूर्वी 2022 च्या नियमांनी प्रकाशनाची सक्ती काढून टाकली होती आणि एम.फिल. पदवीही संपुष्टात आणली होती. सक्ती आली आणि गेली. निबंध वाचून त्याची पारख कोणी करावी, हा प्रश्न दोन्ही वेळी अनुत्तरित राहिला.

हीच गत वाङ्मयचौर्याच्या मोजणीची. 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे 40 व 60 टक्क्यांच्या पायऱ्यांवर वाढते शासन. यंत्राने दिलेला आकडा पाहून मार्गदर्शक निश्चिंत होतात. वास्तविक जुने मराठी मुद्रित साहित्य फार मोठ्या प्रमाणावर संगणकीय संग्रहांच्या बाहेर आहे, त्यामुळे त्यातून उचललेली पाने यंत्रास दिसत नाहीत. उलट पालीच्या विद्यार्थ्याने एखाद्या सुत्तातील ठरीव, पुनःपुन्हा येणारा परिच्छेद उद्धरणचिन्हांवाचून दिला, तर आकडा फुगतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी निर्दोष दिसणारा मजकूर क्षणात मिळू लागल्यावर या टक्केवारीस अर्थ तरी किती उरला?

पाली-अभ्यासकांस येथे महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेशांचे स्मरण होईल. एखादे वचन साक्षात बुद्धाकडून, संघाकडून, अनेक थेरांकडून वा एका थेराकडून ऐकले, असे कोणी म्हटले, तर त्याचे अभिनंदनही करू नये व धिक्कारही करू नये. ते शब्द नीट समजून घेऊन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत, असा तो उपदेश आहे. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी साधनचिकित्सेची एवढी स्पष्ट रीत क्वचितच आढळते. बोलणारा कोण आहे, यावर निर्णय टांगलेला नाही. मौखिक परीक्षेत नेमके हेच करता येईल : विद्यार्थ्याने दिलेल्या तळटीपांपैकी कोणत्याही दोन निवडाव्यात, मूळ ग्रंथ अथवा क्षेत्रनोंदवही टेबलावर ठेवावी, आणि तो परिच्छेद त्याच्याकडून समजावून घ्यावा. यास रंगीत पडदा लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. ज्याने काम केले आहे तो अडखळत का होईना उत्तर देतो.

अर्थात यास परीक्षकाने अहवाल आधी वाचलेला असणे अवश्य आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. एका दिवसात वीस-पंचवीस विद्यार्थी उरकणाऱ्या परीक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. यास्तव अहवाल किमान पंधरा दिवस आधी परीक्षकाच्या हाती पडावा, दिवसास आठांपेक्षा अधिक विद्यार्थी ठेवू नयेत, उत्तर मराठीत देण्याची मुभा लेखी नियमाने मिळावी आणि ‘भाषा व आत्मविश्वास’ हा रकाना काढून त्याजागी ‘साधनांची पडताळणी’ हा रकाना घालावा, एवढ्या सूचना आम्ही अभ्यासमंडळांपुढे ठेवू इच्छितो. यांपैकी शेवटच्या दोहोंस तर अतिरिक्त खर्चही लागत नाही.