गंगाधरपंतांचा मुलगा

वयाची पन्नाशी उलटलेला, महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मनुष्य वैज्ञानिक अद्भुतकथांच्या मालिका रात्री जागून पाहतो आणि सुटीच्या दिवशी भाच्याच्या शेजारी बसून संगणकावरील खेळांत रमतो, हे कबूल करावयास थोडा संकोच वाटतो. माझ्या व्यवसायबंधूंपैकी काहींस हा छंद पोरकट वाटतो, व एकदोघांनी तसे तोंडावर बोलूनही दाखविले आहे. परंतु ह्या छंदाचे मूळ बरेच जुने आहे. १९८० नंतरच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका दाखवीत असत. आमच्या गिरगावातील चाळीत ज्या बिऱ्हाडी दूरदर्शन-संच होता तेथे दोन मजल्यांची पोरे उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसत. इंग्रजी संवाद निम्मेशिम्मे कळत. उरलेल्या निम्म्याची भरपाई प्रत्येकजण आपापल्या कल्पनेने करी, आणि दुपारी गॅलरीत त्यावरून वाद होत. टीका म्हणून जे काही पुढे मी शिकलो, त्याचा पहिला धडा बहुधा त्या गॅलरीतच मिळाला असावा. असो.

हा लेख लिहावयास निमित्त घडले ते असे. गेल्या दिवाळीच्या सुटीत लालबागेस बहिणीकडे गेलो असता माझा भाचा आतल्या खोलीतून ओरडत बाहेर आला, “मामा, आपण पानिपत जिंकलं!”

हे वाक्य ऐकून मराठी माणसास क्षणभर काय वाटत असेल, ते परक्यास सांगून कळावयाचे नाही. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस आपल्या इतिहासातच काय, भाषेतही मुरून बसला आहे. कार्याचा विचका झाला की आपण त्याचे पानिपत झाले म्हणतो. कोणी ‘विश्वास ठेवा’ म्हटले तर ‘विश्वास पानिपतात गेला’ असे घरोघरच्या आजोबांनी एकदा तरी ऐकविलेले असते. आणि येथे एक सतरा वर्षांचा मुलगा, हातात चकलीचा तुकडा घेऊन, ते सारे पुसून टाकल्याची वार्ता देत होता.

खेळाचे नाव ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’, चौथी आवृत्ती. स्वीडनमधील ‘पॅराडॉक्स’ ह्या मंडळींनी तो २०१३ साली काढला. इसवी सन १४४४ पासून १८२१ पर्यंतचा जगाचा नकाशा समोर असतो. त्यातील हवी ती तारीख व हवे ते राज्य निवडावयाचे आणि त्याचा कारभार चालवावयाचा. ह्या खेळाचा एक गुण प्रथम सांगितला पाहिजे. त्यात नुसत्या शौर्याने काही साधत नाही. खजिना रिकामा असेल तर फौज उभी राहत नाही, कर्ज फार झाले तर राज्य आतून पोखरते, आणि रसद नसलेल्या मुलखात सैन्य नेले तर ते लढाईवाचूनच झडू लागते. भाऊसाहेबांची छावणी उपासमारीने कशी जेरीस आली, हे आपल्या कित्येक वीररसप्रधान कादंबऱ्यांपेक्षा ह्या खेळाच्या अर्ध्या तासात अधिक स्वच्छ कळते. मुले वेळ फुकट घालवितात असे म्हणणाऱ्या पालकांनी एकदा शेजारी बसून पाहावे.

परंतु मी भाच्यास विचारले, “पहिल्याच झटक्याला जिंकलास?” तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, “छे! दोनदा हरलो. पण लढाईआधी सेव्ह करून ठेवलं होतं.”

माझी हरकत नेमकी येथे आहे. हरलेली लढाई न झालेली करता येते. दोन वेळा मेलेली फौज तिसऱ्या वेळी पुन्हा ताजीतवानी उभी राहते. खेळात सैनिकांची गणती ‘मनुष्यबळ’ ह्या एका आकड्याने होते. तो खाली जातो, व काही वर्षांत आपोआप वर येतो. मला त्या वेळी पानिपतनंतर दक्षिणेत पोहोचलेल्या त्या प्रसिद्ध सावकारी पत्राची आठवण झाली. मोती किती गळाले, मोहरा किती हरपल्या, हे त्या सांकेतिक निरोपात मोजून सांगितले आहे. मात्र रुपये आणि खुर्दा ह्यांच्यापाशी येताच मोजणाऱ्याने हात टेकले आहेत. ज्याची गणती त्या सावकारास करवेना, तोच आकडा खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात सुबकपणे मांडलेला असतो. ह्या खेळात परतीची वाट बंद ठेवणारा एक कडक प्रकारही आहे, ज्यात हरले ते हरले. भाच्यास तो ठाऊक होता. ‘त्यात मजा येत नाही’ असे त्याचे मत पडले.

इतिहासास दुसरी वाट दाखविण्याची ही हौस पाश्चात्त्य वाङ्मयात चांगली मुरलेली आहे. १८३६ साली झॉफ्र्वा नामक फ्रेंच लेखकाने नेपोलियन सर्व जग जिंकतो असे पुस्तक लिहिले. १९३१ साली स्क्वायर ह्यांनी संपादिलेल्या निबंधसंग्रहात चर्चिलसाहेबांनीही गेटिसबर्गच्या लढाईवर असाच एक उलटा निबंध लिहिला. ह्यांतील पुष्कळसे लेखन हुशारीचे आहे, पण हुशारीपलीकडे क्वचित जाते. ह्या प्रकारची कसोटी माझ्या मते एकच: बदललेल्या इतिहासाची किंमत कोणी भरली, हे लेखक सांगतो की नाही?

‘स्टार ट्रेक’मधील १९६७ सालचा एक भाग ह्या कसोटीस पुरेपूर उतरतो. काळाच्या दारातून भूतकाळात शिरलेला नायक कर्क एका सेवाव्रती, शांततावादी स्त्रीच्या प्रेमात पडतो. पुढे त्यास कळते की ती जगली तर तिच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल व हिटलर जिंकेल. म्हणून तिला रस्त्यावरील अपघातात मरू दिले पाहिजे. तो तिला वाचवू पाहणाऱ्या मित्रास घट्ट धरून ठेवतो. बस्स, एवढेच. पुठ्ठ्याची दृश्ये, जुजबी यंत्रे, तरी तो प्रसंग आज साठीकडे झुकलेल्या ह्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून हलत नाही. अलीकडची ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही मालिकाही (ती २०१९ मध्ये सुरू झाली) ह्याच जातीची. चंद्रावर पहिला रशियन उतरतो एवढा एकच बदल तीत केला आहे. त्यातून अमेरिकेस स्त्रियांना अंतराळवीर करणे भाग पडते, स्पर्धा थांबत नाही, आणि प्रत्येक पुढच्या पावलागणिक कोणाचे तरी घर मोडते. तिचे पुढचे भाग थोडे पाल्हाळिक झाले आहेत, हे मात्र मान्य केले पाहिजे.

आता आपल्या घरच्या मालाकडे वळू. पानिपताचा निकाल फिरविण्याचे धाडस मराठीत एका शास्त्रज्ञाने केले आहे. डॉ. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपणनावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीच्या हस्ताक्षरात, त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली व पहिले पारितोषिक पटकाविले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा इंग्रजी रूपाने अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेली. मे २०२५ मध्ये ते निवर्तल्यानंतर ती मी पुन्हा वाचली, आणि भाच्याच्या विजयानंतर आणखी एकदा.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईस निघतात ते एका निराळ्याच जगातून. त्या जगात विश्वासरावांस गोळी लागली नाही, ती कानाजवळून गेली, मराठे जिंकले, कंपनीचे राज्य हिंदुस्थानात पसरलेच नाही, आणि मुंबई तेवढी व्यापाराच्या सोयीसाठी इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने राहिली. वाटेत सरहद्दीवर परवाने तपासले जातात, लोकल गाड्यांच्या डब्यांवर इंग्रजांचे निशाण रंगविलेले असते. दादर मागे पडल्यावर गाडी मंदावते. प्रस्तुत लेखक दादरकर असल्याने ह्या ठिकाणी प्रत्येक वेळी थांबतो. पानिपतच्या वेळी माहीम व शीव येथे इंग्रजांची हद्द संपत होती आणि खाडीपलीकडे, चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या मोहिमेपासून, मराठ्यांचा अंमल होता. तीच रेघ कायम राहती तर आम्हांस वांद्र्याच्या बाजारास जाण्यासाठी परवाना काढावा लागता! कथा सरहद्द आणखी पलीकडे नेते, पण शास्त्रज्ञ लेखकाच्या मनातील नकाशा किती जागा होता ते ह्यावरून दिसते.

पुढे पंत जुन्या टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून हा नवा इतिहास वाचतात, आझाद मैदानावर एका सभेत रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून न राहवून तिच्यावर बसतात, आणि श्रोते त्यांच्यावर मिळेल ते फेकून मारतात, कारण त्या लोकांनी अध्यक्ष नावाची पीडा केव्हाच नाहीशी केलेली आहे. हा विनोद फर्मास आहे. (नारळीकर स्वतः २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि प्रकृतीमुळे तेथे जाऊ शकले नाहीत, म्हणजे खुर्ची शेवटी रिकामीच राहिली.) शुद्धीवर आल्यानंतर राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र पंतांस सारे उलगडून सांगतात. ह्या उत्तरार्धाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मराठी विज्ञानकथेस एक सवय जडली आहे: गोष्ट रंगात आली की कीर्तनकाराप्रमाणे आख्यान थांबवून निरूपण सुरू करावयाचे. क्रम तेवढा उलटा. वाचकास शास्त्र समजलेच पाहिजे ही कळकळ स्तुत्य खरी, पण ती शिक्षकाची कळकळ आहे, कथाकाराची नव्हे.

तथापि माझी खरी तक्रार दुसऱ्या एका स्थळाविषयी आहे. मुंबईस उतरताच पंत फोर्टात, आपला मुलगा विनय ज्या कंपनीत नोकरीस आहे तेथे जातात. स्वागताच्या मेजामागील बाई यादी पाहतात, शोधतात, आणि असे कोणी येथे नाही म्हणून सांगतात. पंतांच्या मनात येते की ह्या जगात आपला मुलगा कदाचित जन्मलाच नसेल. आणि मग? मग ते बाईंचे आभार मानून ग्रंथालयाच्या वाटेस लागतात!

केवढा प्रसंग हा, आणि किती चटकन आवरला! इतिहासात विश्वासराव गेले, वय अवघे अठरा-एकोणीस. नानासाहेब पेशव्यांस तो घाव सोसला नाही, व त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांनीही देह ठेवला. कथेत विश्वासराव वाचतात आणि दुसऱ्या एका बापाचा मुलगा, अपघाताने वा रोगाने नव्हे, मुळातूनच नाहीसा होतो. पेशव्यांचा मुलगा परत मिळाला त्याची किंमत गायतोंड्यांच्या मुलाने भरली. ही जोडी नारळीकरांच्या हाताला लागली होती. त्यांनी ती मुद्दाम योजिली की सहज घडली, हा प्रश्न गौण आहे. कथेत ती आहे. परंतु पंत हाडाचे इतिहाससंशोधक, त्यांस पुत्रापेक्षा पुस्तकाची ओढ अधिक, असे समर्थन केले तरी त्या ओढीचाच चटका लेखकाने वाचकास लावावयास हवा होता. ते तो करीत नाही. एका परिच्छेदाने तो आणखी तेथे थांबता, तर ही कथा मराठीतील उत्तम विज्ञानकथा ह्या पंक्तीतून उठून मराठीतील उत्तम कथा ह्या पंक्तीत बसती.

आणखी असे की, पंतांची मुंबई फोर्टातच संपते. ते गिरगावात येत नाहीत, परळ-लालबागेकडे तर मुळीच नाही. त्या जगातील परळ कसे असेल? आपल्या जगात १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी सूतगिरणीची कंपनी काढली, दोन वर्षांत ताडदेवला गिरणी चालू झाली, अमेरिकन यादवीच्या काळात कापसाच्या पैशाचा पूर आला, आणि पुढे कोकण-घाटावरची माणसे ह्या भोंग्यांच्या हाकेने येऊन चाळी भरल्या. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर ते भोंगे हळूहळू थांबले, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. राज्य कोणाचे ह्याच्या एका निकालाने ही सारी साखळी कशी हलते, कोणत्या गावचा माणूस कोणत्या खोलीत येत नाही, हा हिशेब एखाद्या नव्या लेखकाने मांडावा. विमाने आणि यंत्रमानव ह्यांची आपल्याकडे टंचाई नाही.

दिवाळीच्या शेवटच्या दिवशी मी भाच्यास एक अट घातली: पानिपत पुन्हा खेळ, पण मागे जावयाचे नाही. तो मोठ्या नाखुशीने तयार झाला, आणि एरवी जो मुलगा पाच मिनिटांत फौजा फेकतो, तो दिल्लीच्या उत्तरेस फौज नेण्यापूर्वी तब्बल पाऊण तास नकाशाकडे पाहत बसला. त्या अवकाशात मी त्याला गंगाधरपंतांची गोष्ट सांगितली. विनयच्या स्थळी आल्यावर त्याने मान वर केली.

“मग त्या जगात आपण दोघं असतो का, मामा?”

माझे आजोबा रत्नागिरीकडून गिरणीत नोकरी धरावयास आले, आजीचे स्थळ त्यांना शेजारच्या खोलीतील माणसांनी सुचविले, एवढे मी त्यास सांगितले. त्याने ते ऐकून घेतले, आणि फौज त्या रात्री हलविली नाही.