'पुढे काय?' : तंजावरची एक कथा आणि वाचकांच्या तर्काचे स्वरूप

१

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेचा वाचक दोन भागांमधल्या काळात स्वस्थ बसत नाही. तो तर्क करतो. या तर्काकडे समीक्षा सहसा निव्वळ कुतूहल म्हणून पाहते आणि त्याची जागा संहितेच्या बाहेर ठरवून टाकते. वोल्फगांग ईझर याने मात्र हप्त्यांनी येणाऱ्या कादंबरीचा उल्लेख मुद्दाम केला होता. कथा मोक्याच्या जागी थांबवली की वाचक ती रिकामी जागा स्वतः भरू लागतो, आणि त्यामुळे वाचनाचा अनुभवच पालटतो, असे त्याचे म्हणणे होते.

हा प्रश्न आज एका नव्या कथाप्रकारामुळे पुन्हा पुढे आला आहे. व्हिडिओ गेम बाजारात आल्यावर काही महिन्यांनी त्याला जोडून घेण्याचे पूरक भाग निघतात. खेळणाऱ्यांच्या बोलीत त्यांना 'डीएलसी' म्हणतात. मूळ खेळ संपतो न संपतो तोच पुढच्या पूरक भागात काय असेल याविषयी तर्क सुरू होतात. पहारेकऱ्यांची नजर चुकवून, लपतछपत पुढे सरकण्याच्या खेळांत हे विशेष घडते; कारण बंद दारे, कानावर पडलेले अर्धे संभाषण आणि आत न जाता आलेली दालने ही त्यांच्या रचनेचीच अंगे असतात.

अशा तर्कांत मूळ कृतीच्या अपुऱ्या राहिलेल्या वचनांचे वाचन असते आणि म्हणून ते समीक्षेच्या जवळचे ठरतात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्याची परीक्षा तंजावरच्या भूमीवर घडणाऱ्या एका तमिळ कादंबरीच्या आधारे करता येते. ती कादंबरी म्हणजे कल्की रा. कृष्णमूर्ती यांची 'पोन्नियिन सेल्वन'.

२

प्रथम तर्कांचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार विस्ताराचा. 'हिटमॅन २' (२०१८) या खेळातील एक स्थळ मुंबई आहे. २०१९ मध्ये त्याला न्यूयॉर्कची बँक आणि मालदीवमधील बेटावरचे विश्रामस्थान अशी दोन स्थळे जोडण्यात आली. 'यानंतर कोणते शहर?' हा तेथील स्वाभाविक प्रश्न होय. या तर्काला मूळ कथेत आधार लागत नाही, कारण नायकाचा व्यवसायच त्याला कोठेही नेऊ शकतो.

दुसऱ्या प्रकाराला ऋणशोधनाचा तर्क म्हणता येईल. 'डिसऑनर्ड' (२०१२) या खेळात सम्राज्ञीचा वध होतो आणि आरोप तिच्या निरपराध अंगरक्षकावर येतो. तो तुरुंगातून निसटतो, छपून फिरतो आणि शेवटी खऱ्या मारेकऱ्यासमोर, डाउडसमोर, उभा राहतो. डाउडला मारावे की सोडावे हे खेळणाऱ्याच्या हाती असते. परंतु डाउडच्या मनात काय चालले आहे याची केवळ चाहूल मिळते. २०१३ मध्ये आलेल्या दोन पूरक भागांत तोच मारेकरी कथेचा नायक झाला. मूळ खेळाने एक प्रश्न उभा करून अर्धवट ठेवला होता. पूरक भागांनी ते देणे फेडले. या प्रकारचा तर्क करणाऱ्याला मूळ कृती बारकाईने वाचावी लागते. तो चुकला तरी ते वाचन वाया जात नाही.

३

'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी 'कल्की' साप्ताहिकातून १९५० ते १९५४ या काळात पाच भागांत प्रसिद्ध झाली. दहाव्या शतकातील चोळ राज्याचा वारसा हा तिचा विषय. अरुळमोळिवर्मन पुढे राजराज होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. ऐतिहासिक कादंबरीची ही अडचण मराठी वाचकाला अपरिचित नाही. 'करमणूक'मधून हरि नारायण आपटे यांचा 'उषःकाल' वाचणाऱ्यालाही अखेरीस स्वराज्य उभे राहणार हे माहीत होते. शेवट माहीत असला की तर्काचा रोख वाटेवर वळतो: हे घडणार, पण कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या मोलाने?

कल्कींनी ही वाट शब्दशः भुयारातून नेली आहे. वंदियदेवन नंदिनीकडून मिळालेल्या मुद्रेच्या बळावर तंजावरच्या किल्ल्यात वावरतो. आजारी सुंदर चोळाला सावध करण्यासाठी तो 'अपाय' असा शब्द उच्चारतो आणि धाकट्या पळुवेट्टरैयराने हटकताच आपण 'अभय' म्हणालो अशी सारवासारव करतो. संस्कृतातून आलेली ही शब्दजोडी मराठीतही तशीच असल्यामुळे मराठी वाचकाला या श्लेषासाठी टीपेची गरज भासत नाही. पुढे तो तळघरातील खजिन्यात लपतो. अंधारात थोरला पळुवेट्टरैयर आणि नंदिनी मधुरांतकाला गुप्त वाटेने नेताना त्याला दिसतात. सिंहासनाचा छुपा दावेदार कोण, हे रहस्य भुयारात उकलले असे त्याच्याबरोबर वाचकालाही वाटते.

येथेच कल्कींचे कसब आहे. किल्ल्याबाहेर, तंजावरच्याच परिसरात, फुलबागेत देवासाठी माळा गुंफणारा शेंदन अमुदन हा तरुण पहिल्या भागापासून वाचकासमोर आहे. वंदियदेवन त्याच्याच घरी उतरतो. शेंबियन महादेवीचा खरा पुत्र तो असल्याचे कादंबरीच्या उत्तरार्धात उघड होते आणि तोच उत्तम चोळ म्हणून सिंहासनावर बसतो. वाचकाचा तर्क बंद दारामागे शोध घेत असतो, उत्तर मात्र उघड्या बागेत असते. क्रमशः वाचणाऱ्याला ही फसगत तीव्रतेने जाणवते, कारण चुकीच्या तर्कासह तो अनेक महिने राहिलेला असतो. सलग वाचनात हा अनुभव काही दिवसांत उरकतो. तर्काचा काळ हा त्या कृतीच्या घडणीचा भाग आहे, तो असा.

याउलट कादंबरीतील मध्यवर्ती प्रश्न, युवराज आदित्य करिकालाचा वध कोणी केला, हा अखेरपर्यंत निःसंदिग्ध उत्तराविना राहतो. कडंबूरच्या वाड्यात, नंदिनीच्या दालनात, दिवा विझल्यावर ते घडते. आरोप येतो वंदियदेवनावर आणि त्याला तंजावरच्या पाताळतुरुंगात टाकले जाते. 'डिसऑनर्ड'मधील अंगरक्षकाशी हे साम्य प्रभावाचे नाही, रचनेचे आहे. छपून वावरणारा नायक सर्वत्र जाऊ शकतो, म्हणूनच त्याच्यावर कोणताही आरोप बसू शकतो.

कादंबरी अचानक संपली, अमक्याचे पुढे काय झाले, असे वाचकांनी कळवल्यावर कल्कींनी समारोपाचे स्वतंत्र टिपण लिहिले आणि पात्रांच्या पुढील आयुष्याविषयी इतिहासाच्या आधारे उत्तरे दिली. ५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मूळ लेखकाकडून पुढचा भाग येण्याची शक्यता उरली नाही. तर्क मात्र थांबले नाहीत.

४

या तर्कांचे वेगळेपण असे की त्यांना दगडाचा आधार मिळू शकतो. कुंदवै आणि वंदियदेवन यांचा विवाह झाला का, या प्रश्नाचे उत्तर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखांत आहे. मूर्तिदान करणारी राजराजाची थोरली बहीण कुंदवै तेथे वल्लवरैयर वंदियदेवाची राणी म्हणून उल्लेखलेली आहे. करिकालाच्या वधाविषयी उडैयारकुडी येथील, राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षाचा शिलालेख बोलतो. युवराजाला मारणाऱ्या राजद्रोह्यांच्या व त्यांच्या नातलगांच्या जमिनी जप्त केल्याचे त्यात नमूद आहे आणि त्यांत रविदासन हे नाव येते. वध का झाला आणि त्यामागे आणखी कोण होते, हे मात्र तो सांगत नाही.

ही रिकामी जागा इतिहासकारांनीही तर्काने भरली. नीलकंठ शास्त्री यांनी उत्तम चोळाकडे संशयाचा रोख वळवला. सदाशिव पंडारत्तार यांनी तो मान्य केला नाही. या पार्श्वभूमीवर शेंदन अमुदनाचे कथानक पाहिले असता त्याचा वेगळा अर्थ लागतो. कटवाल्यांनी पुढे केलेला मधुरांतक आणि प्रत्यक्ष राज्य करणारा उत्तम चोळ या दोन भिन्न व्यक्ती आहेत अशी रचना करून कल्कींनी उत्तम चोळाला संशयातून सोडवले. फुलबागेचे कथानक हे एका ऐतिहासिक वादातील कादंबरीकाराचे मत आहे, असे म्हणता येईल. लेखक, इतिहासकार आणि वाचक एकाच रिकाम्या जागेभोवती तर्क करीत आहेत. त्यांच्यावरची पुराव्याची बंधने तेवढी वेगवेगळी आहेत.

हा भेद विसरला गेला तर हानी होते. नंदिनी हे कल्कींनी कल्पिलेले पात्र आहे. मणिरत्नम् यांचे दोन चित्रपट (२०२२, २०२३) आल्यावर ही कथा तमिळ न वाचणाऱ्या मोठ्या वर्गापर्यंत पोहोचली आणि या वर्गाला कादंबरी व इतिहास यांतील सीमा आपसूक दिसेलच असे नाही. नंदिनीचा माग शिलालेखात काढू पाहणारा वाचक पोन्नियिन सेल्वन या कलाकृतीवर आणि इतिहासावरही अन्याय करतो. कादंबरीने दिलेल्या वचनांचा हिशोब कादंबरीतच मागावा लागतो.

५

उरतो प्रश्न अधिकाराचा. पुढचा भाग लिहिण्याचा अधिकार कोणाचा? कल्कींच्या हयातीनंतर विक्रमन यांनी 'नंदिपुरत्तु नायकी' लिहून कुंदवैची कथा पुढे नेली. बालकुमारन यांच्या सहा खंडांच्या 'उडैयार'चा विषय राजराज आणि त्याचे मंदिर हा आहे. 'पोन्नियिन सेल्वन'मधील तंजावरात आज शहराची ओळख असलेले हे मंदिर नाही, कारण ते १०१० मध्ये पूर्ण झाले. वाचकाच्या डोळ्यांसमोर असलेली, पण कथेत नसलेली ही वास्तू म्हणजे मूळ कृतीने मागे ठेवलेले एक ऋणच होते. १९९९ मध्ये तमिळनाडू शासनाने कल्कींच्या साहित्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि मूळ संहिताही कोणालाही छापण्यास मोकळी झाली.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. तेथे पुढचा भाग काढण्याचा अधिकार कंपनीकडे राहतो आणि खेळणाऱ्यांचा तर्क हा तिच्या दृष्टीने मागणीचा अंदाजही असतो. अशा व्यवस्थेत विस्ताराच्या तर्काला बाजारात सहज किंमत येते. नवे शहर दाखवता येते, विकता येते. ऋणशोधनाच्या तर्काला ती येईलच असे नाही, कारण मूळ कृतीत काय अपुरे राहिले हे आधी मान्य करावे लागते. 'डिसऑनर्ड'चे पूरक भाग उल्लेखनीय ठरतात ते याच कारणाने.

बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा दीर्घ मराठी शिलालेख आहे. सरफोजी दुसरे यांच्या काळात, १८०३ मध्ये, तो कोरला गेला. चोळांनी उभारलेल्या भिंतीवर, त्यांच्या तमिळ लेखांच्या शेजारी, आठ शतकांनी आलेल्या दुसऱ्या भाषेच्या राजांनी आपली हकीकत जोडली. तिने आधीचा मजकूर पुसला नाही आणि आपण त्याचाच पुढचा भाग आहोत असा दावाही केला नाही. कथेला जोडल्या जाणाऱ्या भागाचे मूल्यमापन करताना तौलनिक अभ्यासकाला हे दोन निकष उपयोगी पडतील: जोडणाऱ्याने मूळ मजकूर वाचता येईल असा शिल्लक ठेवला आहे काय, आणि आपला हात कोठून सुरू होतो हे त्याने दिसू दिले आहे काय. वाचकांच्या तर्कांनाही हेच निकष लावता येतात. लेखकाच्या टिपणांइतकीच आस्थेने हे तर्कही जपले व अभ्यासले गेले, तर एखादी कृती तिच्या काळात काय अपुरे ठेवून गेली हे सांगणारा पुरावा हाती येईल.