जमिनीखालची नक्षी कुणासाठी?

मॉस्कोच्या मेट्रोत कोम्सोमोल्स्काया नावाचं एक भुयारी स्थानक आहे. 30 जानेवारी 1952 ला ते सुरू झालं. रचना अलेक्सेई श्चुसेव यांची. खाली उतरलं की वर पिवळं कमानदार छत, त्यावर पांढरी नक्षी, मोठाली झुंबरं आणि पावेल कोरिन यांची मोझेक चित्रं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गाडी पकडायला महाल कशाला? 1955 मध्ये खुद्द सोव्हिएत सरकारनंच बांधकामातल्या भपक्याविरुद्ध फर्मान काढलं. पण आम्हाला हा आक्षेप अपुरा वाटतो. खर्च किती झाला, एवढं विचारून भागत नाही. नक्षी कुणासाठी आहे आणि ती काय काम करते, हेही विचारावं लागतं.

मॉस्कोत उत्तर दुहेरी मिळतं. साध्या तिकिटात कामगाराला झुंबराखालून चालायला मिळालं, ही लहान गोष्ट नाही. पण वर पाहावं तर सेनापती, झेंडे आणि विजय. मूळ चित्रांत स्टालिनही होता. त्याची सद्दी संपल्यावर ती बदलावी लागली. म्हणजे हे छत प्रवाशाला मान देतं, पण त्यानं मान कुठं वळवायची तेही ठरवतं.

आता आपल्या नळदुर्गाकडे येऊ. 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल झाला. तो रयतेसाठी नव्हता, हे मान्यच. पण तिथं शोभा आणि काम वेगळं काढता येत नाही. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. तिथली खरी शोभा हीच आहे.

आणि आपली राजधानी? मुंबईच्या मेट्रो-3 वर 27 पैकी 26 स्थानकं भुयारी आहेत. झुंबरं नाहीत, पण सगळं गार आणि चकचकीत. मात्र काही स्थानकांच्या नावांना कंपन्यांची नावं जोडली आहेत. मॉस्कोत प्रवासी प्रजा होता, इथं तो गिऱ्हाईक झाला. आणि 26 मे 2025 च्या पावसात, सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच, आचार्य अत्रे चौक स्थानकात काम अपुरं असलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी शिरलं. पाणी थोपवण्याआधी चकाकी आली की असं होतं.

हे सगळं आज धाराशिवात कशाला बोलायचं? कारण सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. तुळजापूरला स्थानक होणार. त्यावर शिखर हवं, कमान हवी, दीपमाळ हवी, असं म्हणणारे भेटतील. आमची हरकत नाही. पण अश्विनी पौर्णिमेला पायी आलेली बाई परतीच्या गाडीची वाट बघत कुठं टेकणार? पाणी कुठं पिणार? म्हाताऱ्या माणसाला जिना न चढता फलाटावर जाता येईल का? नक्षी करायचीच तर त्या ओट्यावर, त्या पाणपोईवर, त्या सावलीवर करा ना!

हे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. एकदा गिलावा झाला की कुणी ऐकत नाही.